शिवलेलं भिंग १३ वर्षांनी सुटलं. कुणाला अनुभव?

खारीबिस्किट

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृतींच्या धाग्यांवर सापडते, आज जरा वेगळंच घेऊन आलेय. लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

बाबा ७४ वर्षांचे. परवा संकष्टीला चंद्र बघायला गच्चीत गेले आणि खाली येऊन आईला म्हणाले, "आज दोन आहेत." आईला वाटलं थट्टा करतायत, तिने नैवेद्याचं ताट पुढे केलं. जेवताना ते गप्पच होते म्हणून मी परत वर घेऊन गेले. उजवा डोळा झाकून नुसत्या डाव्याने बघितलं तरी दोन चंद्र. वरचा ठसठशीत, खालचा पोळीएवढा पसरलेला आणि फिकट. डावा झाकला की एकच. मान खाली घालून पुन्हा वर केली की खालचा हलतो म्हणाले.

मागची गोष्ट अशी. २०११ मध्ये डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला तेव्हा "आतली पिशवी फाटली" म्हणून भिंग न बसवताच घरी पाठवलं होतं. दोन महिन्यांनी दुसरं ऑपरेशन करून भिंग "शिवलं". तेव्हापासून बाबा पेपर वाचतात, सुडोकू सोडवतात, काही तक्रार नाही. आता डॉक्टर म्हणतात एका बाजूचा दोरा तुटलाय, भिंग एका टोकाला लोंबकळतंय, पुन्हा ऑपरेशन करावं लागेल.

दोरा तुटू शकतो हे आम्हाला तेरा वर्षांत कुणीही सांगितलं नाही. जुन्या डिस्चार्ज कार्डावर एक ओळ आणि भिंगाचा स्टिकर, बस. कोणता दोरा, कसा शिवला, काही नाही. राग नक्की कुणावर काढायचा तेही कळत नाहीये. इथे कुणाच्या घरी असं झालंय का? पुढे काय विचारायचं डॉक्टरांना?

आगाऊ_कार्टा

अज्ञान उघड करतो. भिंग शिवतात म्हणजे शर्टाच्या बटणासारखं? मला वाटायचं ते नुसतं सरकवतात आत आणि दहा मिनिटांत माणूस चहा प्यायला बाहेर.

चष्मिष्ट

मी डोळ्यांचा सर्जन आहे, बऱ्याच वर्षांचा. इथे कुणालाही तपासत नाहीये, सर्वसाधारण माहिती देतोय एवढं ध्यानात ठेवा.

कार्ट्या, ९० टक्क्यांहून जास्त लोकांच्या बाबतीत तुझं बरोबर आहे. आपलं मूळ भिंग एका पारदर्शक पिशवीत असतं आणि ती पिशवी बारीक तंतूंनी चहूबाजूंनी ताणून धरलेली असते. मोतीबिंदू काढताना आम्ही पिशवीला पुढून भोक पाडतो, गढूळ गर काढतो आणि रिकाम्या पिशवीत कृत्रिम भिंग ठेवतो. शिवण नाही, गाठ नाही, पिशवीच त्याला धरते.

पिशवी मागून फाटली किंवा तंतूच तुटले तर भिंग ठेवायला जागा उरत नाही. विटी डोळ्याला लागलेली, फटाका, म्हातारपणी तंतू कमजोर करणारा एक आजार, मारफान सिंड्रोम (यात शरीरातले असे जोडणारे तंतू जन्मतःच कमजोर असतात), किंवा पूर्वीच्या शिबिरांत पिशवीसकट मोतीबिंदू काढलेली मंडळी, या सगळ्यांचा प्रश्न एकच. जुन्या पिढीतले ते जाड, फुगीर काचांचे, दहा नंबरचे चष्मे आठवतात ना? ते याच बिनभिंगाच्या डोळ्यांचे.

अशा डोळ्यात भिंग टांगावं लागतं. डोळ्याच्या पांढऱ्या भागातून, बुबुळाच्या कडेपासून साधारण दीड ते दोन मिलिमीटर मागे, दोन समोरासमोरच्या जागांतून सुई आरपार नेतात आणि भिंगाच्या दोन्ही बाजूंच्या कड्यांत दोरा ओवून बाहेर गाठ मारतात. अशा शिवलेल्या भिंगांचे पहिले लेख १९८६च्या सुमारास अर्जेंटिनातून आले.

आता दोरा. तेव्हा सगळे वापरत तो पॉलिप्रोपिलीन नावाच्या प्लास्टिकचा, दहा-शून्य मापाचा (आकडा मोठा तितका दोरा बारीक), जाडी मिलिमीटरचे दोन-तीन शतांश. तुमच्या डोक्यावरचा केस याच्या दुपटीहून जाड असतो. पुस्तकात तो "न विरघळणारा" म्हणून शिकवतात, आणि खरंच विरघळत नाही. पण डोळ्यात वर्षानुवर्षं राहिला की पृष्ठभागाला चिरा जातात, भिंगाच्या कडीवर घासतो, आणि एखाद दिवशी काहीही न लागता तुटतो. चार वर्षांनी तुटल्याची उदाहरणं आहेत, दहा-पंधरा वर्षांनी तुटल्याचीही. बाबांनी काही चूक केली म्हणून तुटलेला नाही, एवढं त्यांना नक्की सांगा.

दोन चंद्रांचा उलगडा सोपा आहे. भिंग घसरल्यामुळे बाहुलीचा एक भाग भिंगातून बघतोय, तो ठसठशीत. उरलेल्या भागातून भिंगाशिवाय बघणं होतंय, तो पसरट. एकाच डोळ्याने दोन दिसणं आणि दोन्ही डोळे उघडे असताना दोन दिसणं यांत फरक आहे. दुसऱ्या प्रकारात आम्ही नसा, स्नायू, मेंदू असा सगळा विचार करतो. तुम्ही एक डोळा झाकून बघितलंत ते फार बरं केलंत.

खारीबिस्किट

डॉक्टर, "बाबांनी काही चूक केली नाही" हे मोठ्याने वाचून दाखवलं. दोन दिवस ते म्हणत होते की मी माळ्यावरचं पिंप उतरवलं म्हणून झालं. आज पहिल्यांदा नीट जेवले.

रंकाळा

आमच्या आईचं सांगतो. तिचंपण शिवलेलंच हाय, डोळ्याला बैलाचं शिंग लागलंवतं. दोरा तुटला न्हाई, पण सहा वर्षांनी डोळ्यात कायम कुसळ गेल्यागत टोचायला लागलं. आम्ही आपलं एरंडेल घाल, गुलाबपाणी घाल. शेजारच्या बाईनं बॅटरी मारून बघितलं तर पांढऱ्यावर काळा-निळा दोरा टोक काढून उभा! गावातला कंपाउंडर म्हणाला चिमट्यानं ओढून काढतो. नशीब, आईनंच त्याला हाकललं.

चष्मिष्ट

रंकाळा, आईंना माझा दंडवत सांगा.

ही शिवलेल्या भिंगाची दुसरी जुनी कटकट. गाठ बाहेर असते, तिच्यावर डोळ्याची पातळ त्वचा असते, आणि गाठीची टोकं कडक. म्हातारपणी ती त्वचा आणखी पातळ होते आणि टोक वर येतं. टोचणं हा त्यातला छोटा त्रास. मोठा धोका असा की तो दोरा बाहेरून सरळ डोळ्याच्या आत गेलेला आहे. समईत वात जशी तेल ओढते तसा तो बाहेरचे जंतू आत ओढू शकतो. डोळ्याच्या आत पू झाला तर काही तासांचा खेळ असतो: दुखणं, लाली, नजर झपाट्याने कमी होणं. अशा वेळी सोमवारची वाट बघायची नाही.

आणि ओढायचा तर मुळीच नाही. ओढाल तर भिंगच सुटून मागे पडेल. आम्ही कधी टोक तापवून बोथट करतो, कधी त्यावर पांढऱ्या पडद्याचा तुकडा झाकण म्हणून लावतो. म्हणूनच पुढे सर्जन मंडळींनी गाठ पुरायच्या युक्त्या काढल्या. पांढऱ्या भागातच छोटा खिसा करून गाठ आत सरकवायची, किंवा गाठच न मारता दोरा नागमोडी टाक्यांनी आत मुरवायचा.

मोजपट्टी

मी ऑप्टोमेट्रिस्ट, चष्म्याचे नंबर काढतो. माझ्याकडे अशी मंडळी येतात ती वेगळी तक्रार घेऊन: "ऑपरेशन चांगलं झालं म्हणतात, पण नंबर काही जमत नाही." बऱ्याचदा भिंग कललेलं असतं. दोनच ठिकाणी बांधलेलं भिंग त्या दोन बिंदूंभोवती गिरकी घेऊ शकतं. आपल्या झाडाच्या फांदीचा झोका आणि माजघरातला चार कड्यांचा झोपाळा यात जो फरक, तोच. झोक्याची फळी तिरकी होते, झोपाळ्याची होत नाही. म्हणून चार ठिकाणी बांधायची भिंगं आली.

शिवाय भिंग नेहमीच्या पिशवीतल्या जागेपेक्षा किंचित पुढे बसलं तर त्याची ताकद अर्धा ते एक नंबर कमी धरावी लागते. हे गणित चुकलं की माणूस जवळचं झकास वाचतो आणि समोरच्या बसची पाटी दिसत नाही.

निंबोणी

माझी मुलगी ९ वर्षांची, मारफान. दोन्ही भिंगं वर सरकली आहेत. एका ठिकाणी "काढून नवीन शिवून टाकू" म्हणाले, दुसरीकडे "चष्म्यावर भागतंय तोवर हात लावू नका". हा धागा वाचून पोटात गोळा आलाय. बाबांचा दोरा १३ वर्षांत तुटला तर हिचा?

चष्मिष्ट

निंबोणी, तुमच्या प्रश्नातच अर्धं उत्तर आहे. ७० वर्षांच्या माणसाला दोरा १५-२० वर्षं पुरला तरी काम झालं. ९ वर्षांच्या मुलीला तो ६०-७० वर्षं पुरायला हवा, आणि तेही खेळणाऱ्या, डोळे चोळणाऱ्या मुलीला. मुलांमध्ये दहा-शून्य दोरे तुटल्याचे अनुभव इतके आले की आता बरेच सर्जन त्याला हातच लावत नाहीत. जाडसर नऊ-शून्य किंवा आठ-शून्य वापरतात, किंवा गोरटेक्सचा दोरा. रेनकोटच्या कापडाचंच नात्यातलं मटेरियल ते, मूळ हृदयाच्या आणि रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेचं. डोळ्यासाठी म्हणून बनवलेलं नाही, पण टिकाऊ आहे.

चष्म्याने दोन्ही डोळ्यांची नजर वयाप्रमाणे तयार होत असेल तर थांबण्यात गैर काही नाही. नजर आळशी पडायला लागली तर मात्र थांबणं महागात पडतं. दर काही महिन्यांनी नीट मोजणं हाच तुमचा निकष.

दोन गोष्टी मात्र विसरू नका. हृदयाचा इको झालाय ना? मारफानमध्ये मुख्य धमनी रुंदावते, आणि डोळ्यापेक्षा ते फार महत्त्वाचं. आणि निदान नक्की मारफानच आहे ना? होमोसिस्टिन्युरिया नावाच्या आजारातही भिंग सरकतं, आणि त्यात भूल देताना रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका असतो. रक्त-लघवीच्या तपासणीत ते कळतं.

निंबोणी

इको दरवर्षी होतो. दुसरी तपासणी झालेली नाही. उद्याच विचारते. खूप आभार.

थेम्सकाठी

थोडं अवांतर. मी लंडनला सेंट थॉमस हॉस्पिटलजवळ काम करतो. याच हॉस्पिटलात २९ नोव्हेंबर १९४९ला हॅरल्ड रिडली यांनी माणसाच्या डोळ्यात पहिलं कृत्रिम भिंग बसवलं. युद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या काचेचे, म्हणजे पर्स्पेक्सचे, तुकडे घुसले होते, आणि डोळा ते निमूट सहन करतो हे त्यांच्या लक्षात आलं होतं. तेव्हाच्या बड्या डॉक्टरांनी त्यांना वेड्यात काढलं म्हणतात. पुलावरून जाताना दर वेळी हे आठवतं.

आगाऊ_कार्टा

हे भारी आहे. पण डॉक्टर, दोऱ्याची एवढी भानगड असेल तर दोरा हवाच कशाला? फेविक्विक नाही का काही?

चष्मिष्ट

हसशील, पण आहे! चेन्नईच्या डॉ. अमर अगरवाल यांनी डिसेंबर २००७ मध्ये गोंदाने भिंग बसवलं. भिंगाचे दोन हात (कडेच्या दोन बारीक दांड्या) पांढऱ्या भागातून बाहेर काढायचे, तिथेच कोरलेल्या बोगद्यात खुपसायचे आणि वरचं झाकण फिब्रिन ग्लूने चिकटवायचं. भिंग खरं धरून ठेवतो तो बोगदाच, गोंद झाकण बसवतो. नंतर जपानच्या यामाने यांची पद्धत आली. बारीक सुयांतून हात बाहेर काढायचे आणि टोकाला उष्णता देऊन खिळ्याच्या डोक्यासारखा गोळा करायचा, म्हणजे ते परत आत जात नाही. तिसरा मार्ग म्हणजे बुबुळालाच चिमटा लावून बसणारं पंजा-भिंग. आपल्याकडे ते रुळवण्यात अमृतसरच्या डॉ. दलजित सिंग यांचा मोठा वाटा.

पण बिनदोऱ्याचं म्हणजे बिनघोर असं नाही. भिंगाचा हात वाकतो, मोडतो, सटकतो, तोच त्वचेतून वर येतो. पंजा बुबुळावरून सुटतो. माझं मत विचाराल तर पद्धतीचं नाव विचारण्याआधी "तुम्ही यातलं कोणतं नेहमी करता?" हे विचारा. ज्याचा हात ज्यात बसलाय त्याने तेच करावं.

खारीबिस्किट

बुधवारी ऑपरेशन ठरलंय. बाबांना स्टेंट आहे, रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या चालू. काकांचा फोन आला, "आठवडाभर आधीच बंद करा." करू का?

चष्मिष्ट

नाही. आपल्या मनाने अजिबात नाही. स्टेंट बंद झाला तर डोळा राहील आणि माणूस जाईल. हृदयाचे आणि डोळ्याचे डॉक्टर एकमेकांशी बोलू देत.

प्रश्न रास्त आहे मात्र. सुई डोळ्याच्या रक्ताने भरलेल्या थरातून जाते, तेव्हा आत रक्तस्राव होऊ शकतो. डोळ्याला घड्याळ समजा. बरोब्बर तीन आणि नऊच्या जागी मोठ्या रक्तवाहिन्या आणि नसा असतात, म्हणून आम्ही तिथून थोडं बाजूला, तिरकं शिवतो. तरीही पहिले काही दिवस बाबांना लालसर धूर किंवा कोळिष्टकं दिसली तर ते बहुधा थोडं रक्त असतं आणि काही आठवड्यांत निवळतं.

आधी आतली जेली साफ करतील, ती भिंगाला चिकटून ओढली गेली तर डोळ्याच्या मागच्या पडद्याला भोक पडतं. घरी गेल्यावर विजा चमकल्यासारख्या दिसणं, काळ्या ठिपक्यांचा अचानक पाऊस, किंवा कडेने पडदा खाली येतोय असं वाटणं, यातलं काही झालं तर रात्री दोन वाजताही फोन करा. पडद्यासाठी गॅस भरला तर डॉक्टर सांगतील, तो विरेपर्यंत विमान नाही आणि महाबळेश्वरही नाही. उंचीवर गॅस फुगतो आणि डोळ्याचा दाब भयंकर वाढतो.

आणखी एक, नंतरचं. पहिले दोन-तीन आठवडे छान दिसून मग महिना-दीड महिन्याने अक्षरं पुन्हा धूसर, वाकडी वाटायला लागली तर पडद्याच्या मध्यावर सूज आलेली असू शकते. ओसीटी नावाच्या फोटोत ती दिसते आणि बहुतेकदा थेंबांनी उतरते. "म्हातारपणी असंच" म्हणून सोडून देऊ नका.

रंकाळा

डॉक्टर, आईची बाहुली कधीकधी वाकडी दिसती, पिंपळाच्या पानागत. उताणं झोपलं की आपोआप गोल व्हती. ते काय?

चष्मिष्ट

भिंगाची कड बाहुलीतून पुढे येऊन अडकत असावी. शिवलेल्या भिंगात हे होतं. मान वाकवून निवडणं-टिपणं केलं की भिंग पुढे येतं, उताणं झोपलं की मागे जातं. आपोआप सुटतंय तोवर बरं, पण डोळ्याचा दाब तपासून घ्या. अडकून राहिलं, दुखलं तर लगेच दाखवा. गाठही पुन्हा बघायला सांगा.

रंकाळा

सोमवारी नेतो. तांदूळ निवडायचं आता माझ्याकडं आलं.

खारीबिस्किट

उशीर झाला कळवायला, माफ करा. ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले.

आत गेल्यावर दुसरा दोराही झिजलेला निघाला, त्यामुळे जुनं भिंग काढलं. ते कडक, न घडी होणारं, म्हणून सात मिलिमीटरचा छेद घ्यावा लागला. नवीन भिंग बिनदोऱ्याचं, यामाने पद्धतीने. जुनं भिंग बाबांनी मागून घेतलं! छोट्या डबीत आहे. साबुदाण्याहून थोडं मोठं, दोन्ही हातांना बारीक कडी, आणि एका कडीत निळ्या दोऱ्याचा तुटका तुकडा अजून अडकलेला. उजेडात धरल्याशिवाय दिसत नाही. आईने डबी देवघराजवळ ठेवली होती, बाबांनी उचलून टीव्हीपाशी ठेवली.

पहिले चार दिवस धूर दिसला, डॉक्टरांनी इथे लिहिलं होतं म्हणून घाबरलो नाही. डोळ्याचा दाब थोडा वाढला होता, थेंबांवर आहे. आणि यावेळी मी लेखी मागून घेतलं: कोणतं भिंग, किती ताकदीचं, कसं बसवलं, टाके किती.

काल संकष्टी होती. बाबा साडेआठपासून गच्चीत. आभाळ गच्च भरलेलं, चंद्राचा पत्ता नाही. शेवटी पंचांगातली वेळ बघून उपास सोडला. पण समोरच्या टॉवरवरचा लाल दिवा मात्र एकच दिसतो म्हणाले. फक्त गोल नाही, पडवळासारखा लांबट.

मोजपट्टी

तो लांबटपणा सिलिंडरचा, म्हणजे एका दिशेला वेगळ्या पडणाऱ्या नंबरचा. मोठ्या छेदाचे टाके डोळ्याला एका दिशेने ताणतायत. टाके काढून नंबर स्थिर होईपर्यंत कुणी कितीही सांगितलं तरी चष्मा करू नका, दोनदा पैसे जातील.

खारीबिस्किट

दुकानातून फ्रेम पसंत करून आलेत ऑलरेडी. अडवते.